मागे न सरणारी मोटार

नाशकात चांदवडच्या सर्व्हिस मोटारीची वाट बघणाऱ्या कुसाबाईचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. टांगे बांधणारा नजीर मिस्त्री केरूला आपण घरी बनवलेल्या मोटारीचं सांगत होता.

"इंजिन फटफटीचं, वरचं अंग वेताचं. वाऱ्यासारखी पळते."

"अन् मागं कशी घेता, मिस्त्री?"

"तेच राहिलं. जन्मभर टांगे बांधले. लगाम ओढला की घोडा आपसूक मागे सरतो. इंजिन सरत नाही, हे गल्लीत अडकल्यावर कळलं."

"मंग?"

"उतरायचं, उचलायची, फिरवायची. हलकी आहे."

"एकट्यानं?"

"नाही. एक टोक मी धरतो, दुसरं आमची सितारा."

"म्हंजे भाभीबी बसत्यात व्हय मोटारीत?"

"बसते कसली, चालवते तीच. मला नेते ते उचलायला."