ट्रंकेतली कोथिंबीर

—तिथं नका बसू अजीमभावजी, त्या घडवंचीचा रंग अजून ओला हाय. इकडं या, ह्या बाकावर बसा. टेका की निवांत, मोडत न्हाई. उसाच्या ट्रॉलीचा फाळका हाय त्यो, ढिगानं ऊस पेललाय त्यानं, तुमचं काय वजन. चहा घ्या. व्हय, सगळं मीच केलंय. गावात कुणी सांगितलं न्हाई तुमाला? दुसरं बोलतंय कोण — हवालदाराच्या बायकोला खूळ लागलंय म्हणं, इस्लामपुरातनं पैसं मोजून भंगार आणती. लागू दे खूळ. चोवीस वर्षं फौजेत काढून माणूस रविवारी कायमचा घरी येणार — तुमच्याच पलटणीतला, तुमाला मी काय सांगू — आन मी काय दारात नुसता भाकरतुकडा घेऊन उभी राहू?

ती कमान बघितलीसा? बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव हाय, चांदसाहेब भंगारवाल्याकडं गंजत पडलेली. मधनं कापली, दोन पाइपांवर जोडली, वर जाई सोडली. चांदसाहेब म्हणला, वैनी, कारागीर पाठवतो. म्हणलं, कारागीर ठेव तुझ्यापाशी, वेल्डिंगचं मशीन तेवढं भाड्यानं दे. पहिल्या दिवशी ठिणग्या उडाल्या, साडीची चाळण झाली. मग काय केलं? ह्यांचा जुना वर्दीचा शर्ट चढवला, तोंडापुढं काच धरली आन बसले पाठमोरी — तर शेजारचा आप्पासो कुंपणावरनं म्हणतोय, राम राम हवालदार, कवा आलासा? हसू नका, चहा सांडंल. मी पण आवाज जाड करून म्हणलं, आत्ताच. त्यो गल्लीभर सांगत सुटला — हवालदार आल्यात, पण लय गुर्मी चढलीया, वळून बघत न्हाईत. दोन बाया भेटायला आल्या की शिरा घेऊन! शिरा मी खाल्ला, काय करता.

आन गंमत सोडा, एक सांगते. हे सुट्टीवर आलं की चार दिवस बरं असायचं. पाचव्या दिवशी बघावं तर ओट्यावर बसल्यात, एस्टीची वाट बघितल्यासारखं, पायात बूट. कापडं कपाटात लावायची न्हाईत — बॅगेतनं काढायची, धुऊन परत बॅगेत. मी एकदा विचारलं, आवं, पाहुणं हाय का तुमी? तर नुसतं हसलं. तवाच ठरवलं, ह्या घरात ह्यांच्यासाठी म्हणून काय तरी पाहिजे. गुडघा दुखतोय न्हवं त्यांचा — म्हणून तुमी बसलाय त्यो बाक दोन बोटं उंच केलाय. दाढीचा आरसा बघा, जुन्या खिडकीच्या चौकटीत बसवलाय, त्यांच्या उंचीनं. मला त्यात कपाळच दिसतंय नुसतं.

काय म्हणालासा? ट्रंक? गेल्या सुट्टीत ठेवून गेल्यात ती? ती काय समोर. कोथिंबीर दिसत न्हाई का तुमाला, तिच्या खालची काळी. नाव-नंबर पण तसाच ठेवलाय पांढरा, दर्शनी बाजूला. पत्रा लय चांगला हाय मिल्ट्रीचा, सडत न्हाई...

ह्यांनी तयार ठेवायला सांगितलीय? कशाला?

थांबा, तुमी नका सांगू, मीच सांगते. पेन्शन घ्यायची आन परत दुसऱ्या वर्दीत जायचं, फौजेच्याच दारूगोळ्याच्या डेपोच्या गेटावर पहारा करायला, कुठं तरी राजस्थानात. गावातली निम्मी गडीमाणसं गेल्यात तशी. फारम भरलाय का भरायचाय? — मान काय हलवताय, भरायचाय म्हणून तोंडानं बोला की मोकळं.

आन मी कोथिंबिरीसाठी ट्रंक घेतली असं वाटतंय व्हय तुमाला? पाण्याच्या निचऱ्याला चार भोकं पुरतात, भावजी. मी ड्रिल घेऊन बसले, भोकं पाडतच गेले. झाकणाचं बिजागर कापलं. हात भरून आला तरी थांबले न्हाई. पेन्शनचा फोन आला त्याच दुपारी, आनंदाच्या भरात — आनंदच हुता त्यो, खरंच सांगते. पण भीती पण हुती. ती ट्रंक नीट राहिली तर हा माणूस परत जाईल, एवढंच डोक्यात. याड्यासारखं. जणू बाजारात दुसरी मिळत न्हाई.

सारखं त्या खिशाकडं काय बघताय?

फोन चालू हाय व्हय तुमचा? कवापासनं? मी शिरा खाल्ल्याचं सांगितलं, तवापासनं?

सीमेवर उभा राहिलेला माणूस, आन बायकोला 'परत जाऊ का' एवढं विचारायला दुसऱ्याचा खिसा लागला. द्या इकडं. द्या म्हणते.

हॅलो. ऐकलंसा न्हवं सगळं? मग आता बोला तुमी.

भावजी, कप तिथंच ठेवा. जावा तुमी आता. फोन मागनं पाठवून देते.