आधीच भरलेलं उत्तर

सकाळी सव्वाअकराला बालवाडीच्या बाईंचा फोन आला, "सईच्या आई, लवकर या. तिने काजूगरांची उसळ खाल्लीन आणि तोंड सुजलंय!"

"बाई, तिला काजू चालत नाही!"

"अहो, प्रवेशाच्या फॉर्मवर 'काय खायला चालत नाही?' ह्याला तुमचंच उत्तर आहे, 'सगळं चालतं'."

बाईंनी वर्डमध्ये केलेला तो फॉर्म मी मोबाईलवर भरला होता. तिथे 'सगळं चालतं' आधीपासूनच होतं, बोट दाबलं तरी बदलेना. मला वाटलं नमुना असेल, उत्तर म्हणून धरणार नाहीत, आणि दिला पाठवून.

दोन दिवस सई ऑक्सिजनवर होती. आता घरी आहे, पण माझ्या हातचा घाससुद्धा "आई, ह्यात काय?" विचारल्याशिवाय घेत नाही.

असे फॉर्म बनवणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना सांगा गं, उत्तराची जागा कोरी ठेवा म्हणून.