काचेतली पोथी

सावध बसा, मंडळी! प्रश्न अवघड आहे. एखादी वस्तू जपली — म्हणजे नक्की काय केलं? कुलूप लावलं? मागच्या काकू मान डोलावतायत. कुलपावर भारी विश्वास दिसतो!

तर ऐका. कुडाळकडचा विसू ठाकर. काम चित्रकथीचं — सुट्या चित्रांची पोथी मांडीवर घ्यायची, एकेक चित्र दाखवत रामकथा गायची. त्यांची रीत अशी, की पोथी जीर्ण झाली की पूजा करून पाण्यात सोडायची. वडिलांनी जाताना हेच बजावलेलं. पण विसूची पोथी सोडायची वेळ आली, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय कलाकेंद्रातल्या शुभदाबाई आल्या. "विसूकाका, बुडवू नका हो! देशाची ठेव आहे ही!" विसूनं पोथी दिली — आणि डोक्यात भुंगा सुरू! पुण्य केलं, की बापाचा शब्द मोडला?

सहा वर्षांनी केंद्राचं बोलावणं आलं. विसू गेला. अहाहा! थंडगार दालन, काच, दिवे, वाळवीचं नाव नाही! त्याचे डोळे भरून आले. मग नीट बघतो तर — रावण मेलेला, आणि पुढच्याच चित्रात तो सीतेला पळवतोय!

"बाय, ह्यां काय? रावण मेलो नि मगे सीतेक पळवल्यान?"

बाई गांगरल्या. "काका, चित्रांवर आकडेच नाहीत!"

आकडे कशाला असतील? क्रम गाणाऱ्याच्या तोंडात! यांनी विचारला नाही, त्यानं सांगितला नाही.

"मग आता तुम्हीच गाऊन सांगा ना."

विसूनं घसा खाकरला. पहिलं चित्र गायला. दुसरं गायला. तिसऱ्याला — थांबला! पुढचं आठवेना! पोथी दिल्यापासून एक ओळ गायला नव्हता हो! चूक कुणाची — काचेची, की माझी?

"बाय... एकदा माझ्या मांडयेर ठेवा."

नियमात बसत नव्हतं. बाई घुटमळल्या. मग त्यांनी काच उघडली! चित्रं मांडीवर आली, अंगठा झिजलेल्या कोपऱ्यावर टेकला — आणि ओळ आली, मंडळी! रडत रडत गायला. बाई फरशीवर बसून क्रम लिहीत होत्या.

मग पोथी पाण्यात सोडायची होती, की काचेत ठेवायची? विसूला अजून कळलेलं नाही. खरं सांगू? मलाही नाही! बुवा झालो म्हणून कळल्याचं सोंग कशाला आणू?

पण दिल्लीनं काच उघडली हो! आणि तुमच्या देवघरात लाल फडक्यात पोथी आहे ना? रोज हळदकुंकू वाहता ना? काकू, खरं सांगा — त्या फडक्याची गाठ शेवटची कधी सोडलीत?