दोणीतला कूड

रावजी : हा पाय कुठं गेला?

राही : आधी हातपाय धुवा, चहा घ्या. बोटीवरनं उतरून घरात आलात ते थेट मागल्या दारी. आमची कोनाची इचारपूस नाय, दगडी दोणीतल्या ह्या पान्यातल्या पालींची आधी.

रावजी : राही, मी काय विचारतोय? ह्या धाकट्याचा पुढचा डावा पाय. दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा दोघांचे मिळून आठ पाय व्हते. आता सात.

राही : सात आनि थोडा. नीट बगा.

रावजी : थोडा कसला? बोंडूक हाय नुसतं. उद्याच्या बोटीनं ह्यांना मुंबईला न्यायचंय मला. मास्तरांच्या कालेजातली खोली तयार झाली, काचेच्या पेट्या आल्या, सगळं झालं. आणि मी काय नेऊन देऊ? एक सगळा आणि एक लंगडा?

राही : वरडू नका. आत्याबाई पडल्यायत जरा.

रावजी : थोरल्यानं खाल्ला ना?

राही : व्हय. त्यानंच.

रावजी : म्हणून तर मी कूड घालून गेलो व्हतो मधी. कामट्या तासल्या, काथ्यानं आवळल्या. पाणी जाईल पण तोंड जाणार नाय एवढीच फट ठेवली. सांगून गेलो का नाय तुला? थोरला वीतभर झालाय, हा चार बोटं कमी. दोघं सारखे होईपर्यंत एकत्र सोडायचे नाय. ह्या जातीला धड दिसत नाय गो. समोर हललं की तोंड मारतात. पाय काय नि गांडूळ काय, त्यांना सारखंच.

राही : सांगून गेलात. समदं ध्यानात हाय माज्या. खाली खडे ठेवायचे नाय, गिळतात. संगती मासा सोडायचा नाय. पानी पहाटेचं, ऊन लागलेलं नाय. रोज थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं. दोणीवर ओलं गोनपाट. तुमच्या आवशीची शपथ, एक दिवस चुकले नाय. हात लावून बगा पान्याला.

रावजी : पाणी थंड हाय.

राही : मग?

रावजी : मग कूड कुठाय?

राही : न्हानीमागं उभा करून ठेवलाय.

रावजी : तिथं कसा गेला?

राही : गेला.

रावजी : चालत?

राही : तुमी चहा घ्या.

रावजी : राही, हे हसण्यावारी नेऊ नको. मास्तर काय म्हणाले ते मी तुला सांगितलंय. जोडी धडधाकट आणून दे, जनावर सांभाळायची अक्कल तुला हाय असं दिसलं की त्या खोलीवर तुलाच नेमतो. मग बॉयलर नाय, कोळसा नाय. पंख्याखालची नोकरी. जर्मनीच्या बंदरात दुकान धुंडलं, सुवेजच्या उष्म्यात बर्फाच्या खोलीला टेकवून ही दोन मडकी आणली. बोटीवरचा सारंग रोज शिव्या घालायचा, ह्या पाली समुद्रात फेक म्हणून. नाय फेकल्या. आणि इथं घरात, सावलीत, माझ्या बायकोच्या हातात...

राही : मला नाय ठाऊक त्या नोकरीचं? तुमी खोकलात की रुमालाला काळं लागतं. तो रुमाल कोन धुतं? ह्या वक्ती तर गालफडंबी बसलीत. मी ह्या दोघांना सांभाळलं ते काय पालींचा कळवळा आला म्हनून? तुमी बॉयलरम्होरनं उठावं म्हनून सांभाळलं. शेजारच्या बाया नाक मुरडतात. म्हनतात, रावजीनं बायकोला दागिना आनला नाय, पाली आनल्या.

रावजी : मग कूड काढलास कशाला?

येसूबाई : तिला काय इचारतोस? कूड म्या काढला.

रावजी : आये, तू?

येसूबाई : व्हय, मी. पाया पड आधी. असू दे, असू दे. वाळलास रे. आनि ती बोलत नाय म्हनून तिच्यावर खेकसू नको. तुज्या म्हाघारी दोन म्हयने गप ऱ्हायलीय ती.

रावजी : मला कळवायचं तरी, राही.

राही : कळवून काय व्हतं? तुमी चार दिसांचे पावने. आमाला दोघींना बारा म्हयने एका चुलीशी बसायचं हाय.

रावजी : आये, पण का? मी सांगितलं व्हतं ना तुझ्यादेखत?

येसूबाई : सांगितलं व्हतंस. पन मला बगवंना. सकाळी उठलं की ओटीवर तुज्या थोरल्या भावानं, भिकाजीनं, घातलेला कूड. माजघरात कूड. परसात गेलं तर थेट पान्याच्या बावीपातुर कूड, नि बाव गेली त्याच्या वाटनीला. म्हटलं, निदान मागल्या दारची दोण तरी धड असंल. तर तिच्यातबी तू कूड घालून गेलास. एका आवशीची दोन पोरं, नि मधी कामट्या.

रावजी : एका आवशीची नाय ती. दुकानात दोन वेगळ्या टाक्यांतनं काढून दिली मला.

येसूबाई : दुकानदाराला काय ठाऊक? त्यानं काय बाळंतपन केलं?

राही : आत्याबाई, करवंटीचं सांगा. सांगायचंच तर समदं सांगा.

रावजी : कसली करवंटी?

येसूबाई : काय नाय. नारळाची करवंटी घासून घेतली, तिच्यात गांडुळं घातली नि दोघांमधी सोडली. एका ताटात जेवली की भावंडांत वैर येत नाय. तुमाला दोघांना मी तसंच वाढवलं. सात वर्सांचा होईपातुर तू भिकाजीच्या ताटात जेवलायस.

रावजी : हा हात बघ. हे अंगठ्याखाली काय हाय?

येसूबाई : ते व्हय. ते बांगड्याच्या तुकडीवरनं.

रावजी : भिकाजीदादानं चावलं. त्याच ताटात.

येसूबाई : तू त्याच्या पुढ्यातली तुकडी उचललीस. मधली व्हती ती, गाभोळीची.

रावजी : मी पाच वर्षांचा व्हतो, आये.

येसूबाई : मग? मेलास काय? चार दिस हळद लावली, पुन्ना त्याच ताटात बसलास. घरोघरी मातीच्या चुली. भांड्याला भांडं लागायचंच. म्हनून कोन भांडी येगळ्या घरात ठेवतं?

राही : भिकाजीभावजी ठेवतात.

येसूबाई : तू गप. तुज्या नि गोदाच्या भांडनापायी ठेवली त्यानं.

राही : माजं नि जाऊबाईंचं भांडान आमटीत मीठ कोनी घातलं त्याचं. दोघींनी घातलं व्हतं. चूल एक नि हात दोन, दुसरं काय व्हनार?

रावजी : ते राहू दे. करवंटीचं काय झालं?

येसूबाई : पयल्या दिशी बरं झालं. थोरल्यानं खाल्लं, मग धाकट्यानं खाल्लं. मी हिला म्हटलं, बग, उगा माजा ल्योक घाबरतो. दुसऱ्या दिशीबी बरं. तिसऱ्या दिशी धाकट्यानं करवंटीवर पाय ठेवला, आनि थोरल्यानं... काय सांगू. खटकन. रगत नाय, वरडनं नाय. ते लेकरू नुसतं मागं सरकलं नि कोपऱ्यात जाऊन बसलं. मी हिला हाक मारली.

राही : मी धावत आले तर ह्या रडत व्हत्या.

येसूबाई : मी रडत नव्हते.

राही : बरं, नव्हत्या. मी धाकट्याला येगळ्या घागरीत ठेवला. जखम भरंपातुर पंधरा दिस त्या घागरीतच व्हता. कूड पुन्ना बसवायला गेले तर ह्या बसवू देत नव्हत्या. आता दिसभर दोघं दोणीत ऱ्हातात, मी समोर बसते. जेवायच्या वक्ताला नि निजायच्या वक्ताला धाकटा घागरीत. कूड नाय तर माजी मेलीची राखन.

रावजी : बरं केलंस. पण मास्तरांना हे चालायचं नाय. जनावर सांभाळायची अक्कल बघणार ते. आणि मी पाय तुटलेलं नेणार. नोकरी गेली म्हणून समज, राही. पुढल्या महिन्यात पुन्हा बॉयलरवर.

येसूबाई : पाय तुटलेला म्हनू नको. वाकून बग जरा. दिव्याजवळ नाय, उजेडाकडं.

रावजी : काय बघू?

येसूबाई : त्या बोंडकाच्या टोकाला बग. मुगाच्या मोडावानी काय दिसतंय?

रावजी : हे... बोटं हायत?

येसूबाई : तीन फुटलीत. चौथं येतंय. आधी नुसतं टोक व्हतं, पांढरं. मग कोपर वाकवाय लागला. आता बोटं. मी रोज बगते. त्याला मीच भरवते, हातानं, घागरीत. गांडूळ धरलं की हळूच येतो. माज्या बोटाला कदी चावला नाय.

राही : गांडुळं उकरायला ह्या वयात केळीच्या आळ्यात बसतात. मला करू देत नाय.

रावजी : राही, त्या दुकानदारानं मला खूण करून दाखवलं व्हतं गो. स्वतःच्या मनगटावर हात आपटला, मग बोटं अशी हळूहळू वर केली, आणि हसला. मला वाटलं, चोरी केलीस तर हात तोडीन म्हणतोय. मी घाबरून पैसे टाकले नि निघालो.

राही : एवढी बंदरं फिरलात नि अक्कल ही.

रावजी : म्हणजे पुरा पाय येईल?

येसूबाई : शिमग्यापातुर येनार. धाकटा हाय, वाढत्या अंगाचा. आठ दिस थांब की.

रावजी : थांबता येत नाय. मास्तर म्हणाले, ह्या बोटीनं नाय आलास तर दुसरा माणूस नेमीन. ऊन चढलं की ह्यांना दोणीत ठेवणं कठीण. तिथं पेट्यांना बर्फाची सोय हाय.

येसूबाई : मग ने. आनि पायाचं इचारलं तर सरळ सांग, आवशीनं कूड काढला म्हनून.

रावजी : असं मास्तरांना सांगू?

येसूबाई : सांग. त्यालाबी आवस असंलच की.

राही : आत्याबाई, कूड आनखी का काढलात तेबी सांगा ह्यांना. आज नाय सांगितलंत तर मनात ऱ्हाईल.

येसूबाई : तुला कसं कळलं गो?

राही : मी दोन म्हयने तुमच्याच समोर बसलेय.

येसूबाई : काय सांगायचं त्यात. मला वाटलं, ही दोघं नीट जगली की तुला नोकरी मिळनार. नोकरी मिळाली की तू मुंबैत बिऱ्हाड करनार, हिला नेनार. मग ह्या कुडाच्या अलीकडं मी एकली, पलीकडं भिकाजी. त्याच्याशी, गोदाशी मी बोलत नाय. तवा बोलू तरी कोनाशी? हे मनात व्हतं. कूड काढला तो बगवंना म्हनूनच, देवाशपथ. पन काढताना जास्त इचार केला नाय. एवडंच.

रावजी : आये, खोली एकाची हाय. पेट्यांच्या बाजूला खाट टाकायची, रात्रीबेरात्री पाणी बघायचं. बायको न्यायची सोय नाय तिथं.

येसूबाई : नाय?

रावजी : नाय. मी हिला अजून सांगितलं नव्हतं.

राही : मला वाटलंच व्हतं.

रावजी : तुला वाईट वाटलं?

राही : वाटलं तर काय खोटं हाय? मी दोन लुगडी काढून ठेवली व्हती येगळी. पन खरं सांगू? तुमी शिमग्याला याल, गनपतीला याल, नि रुमाल पांढरा असंल. बोटीवर गेलात की कुटल्या दर्यात हाय तेबी कळत नाय. मुंबै काय, रोज बोट हाय. लांब ऱ्हा पन धड ऱ्हा. ही दोघं बगा. मधी कूड व्हता तवा कामटीला नाक लावून समोरासमोर निजायची. कुनाचं काय गेलं नाय.

येसूबाई : व्हय. ते मीबी बगितलंय.

रावजी : चला, तयारीला लागू. दोन मडकी पाहिजेत, मोठ्या तोंडाची. ओलं फडकं बांधायचं वर. पहाटे पडावात बसायच्या आधी ताजं पाणी. आपण पिंपळाच्या बावीवरनं आणायचं म्हटलं तर येईपर्यंत ऊन चढेल. तू रोज एवढं थंड पाणी आणतेस कुठनं?

राही : आनते कुटनंतरी.

येसूबाई : सांग की. गोदा देते. परसातल्या कुडाच्या खाली हातभर फट पाडलीय दोघींनी, रोज पहाटे तितनं कळशी सरकते. मला निजलेली समजतात.

राही : आत्याबाई, तुमाला ठाऊक व्हतं?

येसूबाई : मला म्हातारीला झोप कुटली? तुमी दोघी हळूहळू बोलत बसता तेबी आयकते. परवा गोदानं तुला कोलंबीचं सांबारं कसं करायचं ते सांगितलंन. मीठ शेवटी घालायचं म्हनाली. एका चुलीवर व्हतात तवा एवडं बोललात नाय कदी.

राही : तुमी कायच बोललात नाय मग.

येसूबाई : काय बोलायचं. रावज्या, तो न्हानीमागचा कूड आन हिकडं.

रावजी : आता कशाला? उद्या तर जाणार ही.

येसूबाई : एक रात ऱ्हायलीय ना? त्या रातीला धाकट्याला घागरीत कशाला कोंबायचा? बसव मधी. तसा नाय, तिरका झाला. हां. पानी जातंय ना त्यातनं?

रावजी : जातंय.

येसूबाई : मग झालं.

(कुडापलीकडे बावीवरचा रहाट वाजू लागतो.)

राही : जाऊबाई आल्यात बावीवर. मी फटीशी जाऊन सांगते, पहाटे पानी लागंल म्हनून.

येसूबाई : तू थांब. मी सांगते. गोदा... ए गोदा, मी बोलतेय गो. पहाटे एक नको, दोन कळश्या भर. ही दोघं येगयेगळ्या मडक्यांतनं जायचीत.