मगनभाऊ काय म्हणते?

...अन् वरतून या कामाले नाव काय, तं 'युवा विकास'! तुम्हाले सांगतो, विकास युवायचा अन् कंबर गेली वामनरावाची! पन्नाशी ओलांडलेला माणूस, फाल्गुनाच्या उन्हात डोक्यावर शेणखताचं टोपलं घेऊन घामाघूम होऊन राह्यला, अन् ज्यायचा विकास कराचा ते पोट्टे निंबाच्या सावलीत बसून त्याचे फोटो काढून राह्यले! हा कोणता विकास आहे जी? पण बोलता कोणाले? घरचा पाहुणा! पाहुण्याले नाही म्हणता येते का?

आता पाहुणा आला कुठून, ते पहिले ऐका. आपलं गाव ढाणकीच्या पलीकडं, रोडाले लागून. उमरखेडच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या, म्हणे परदेशातून एक विद्यार्थी येऊन राह्यला, इंटर्नशिपले. गावात राहीन, पोरापोरींसोबत काम करन, त्यायचा विकास करन. फक्त राहाले घर पाह्यजे, अन् घरात कमोड पाह्यजे. झालं! कमोड गावात दोनच घरी. एक सरपंचाकडे, पण त्यायच्या अंगणात मारकी म्हैस. दुसरा वामनरावाकडे, गुडघ्याच्या दुखण्यापायी बसवलेला. तं असा, गुडघ्याच्या पुण्याईनं, डेन्मार्क देश वामनरावाच्या घरात येऊन उतरला.

पोराचं नाव मॅग्नुस. वामनरावाच्या बायकोनं, बेबीताईनं, दोन-तीनदा म्हणून पाह्यलं, जीभच वळेना. म्हणाली, "मी तं मगनच म्हणतो बाप्पा!" झाला मगनभाऊ. उंची अशी, का दाराची चौकट रोज कपाळाले लागे, अन् हा रोज त्या चौकटीलेच 'सॉरी' म्हणे! बेबीताईनं झुणक्यासंग मिरचीचा ठेचा वाढला तं डोळ्यातून धारा, नाकातून धारा, तरी बोट वर करून म्हणते, 'गुड! गुड!' बेबीताई खूश. "पाहा," नवऱ्याले म्हणे, "तुम्ही कधी म्हणलं का गुड?"

पण खरी गंमत पुढंच आहे. मगनभाऊले मराठी येत नाही, वामनरावाले इंग्रजी येत नाही. मंग मधात बोलाले कोण? तं घरचीच पोरगी, प्रेरणा. उमरखेडले बी.एस्सी.ले आहे, अन् पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. रोज पहाटं चार पोरींले घेऊन रोडानं पळे. एक दिवस उसाचा ट्रक असा अंगाले घासून गेला, का पोरगी सरळ नालीत! कोपर सोललं. वामनराव म्हणे, "बस! पळणं बंद!"

ती म्हणे, "बंद कायले? शाळेमागं मैदान आहे ना बाबा. तुमचं सामान काढा तिथून, मी तिथं पळतो."

आता हे सामान म्हणजे काय? मैदान गावाचं, पण अर्ध्यात वामनराव पसरलेले! इकडं उकिरडा, तिकडं पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडायचा, ढीग, मधात बापाची जुनी बैलबंडी, एक चाक मोडलेली. वामनरावाच्या बापापासूनचा कब्जा. वामनरावानं पोरीले सांगतलं, "पाहू." तुम्हाले सांगतो, वामनरावाचं 'पाहू' म्हणजे कायमचा कार्यक्रम. दिवाळीले पाहू, तूर निघाली का पाहू, कापूस इकला का पाहू... पोरगी बिचारी अंगणात जागच्या जागी पळे, शेजारच्या कोंबड्या भिऊन छपरावर!

अन् तशात हा आला.

पहिल्याच दिवशी प्रेरणा त्याले गाव दाखवाले घेऊन गेली, वामनराव संग. फिरत फिरत आले उकिरड्यापाशी. मगनभाऊ थांबला. डोळे मिटले, अन् छाती भरून श्वास घेतला... अहो, उकिरड्यावर! मंग वाकून मूठभर खत उचललं, चोळून पाह्यलं, अन् लय येळ इंग्रजी बोलत राह्यला. वामनराव घाबरले. "काय म्हणते तो?"

प्रेरणा म्हणे, "तो म्हणते, त्यायच्या देशात गावाच्या मैदानावर कोणी उकिरडा घालत नाही. घातला तं लोक त्याच्या घरी चहा पीत नाहीत."

"पण मले तं 'ब्यूटिफुल' ऐकू आलं!"

"हो ना बाबा. तो म्हणते, हे काढलं तं गाव ब्यूटिफुल दिसन."

आता सांगा! घरी राहणारा माणूस, घरचं मीठ खाणारा, अन् तोंडावर असं बोलते! पण वामनरावाले मरणाची लाज वाटली. सातासमुद्रापलीकडून येऊन माणूस आपला उकिरडा हुंगते! दुसऱ्या दिवशी टोपलं घेतलं अन् खत वावरात न्यायले सुरुवात. मगनभाऊ आला धावत, हात हालवून, तोंड एवढंसं करून काहीतरी म्हणे. वामनराव म्हणे, "आता काय म्हणते?" प्रेरणा म्हणे, "म्हणते, कोपऱ्यातलंही राहू देऊ नका." पाहुण्याले नाही म्हणता येते का? कोपराही खरवडला!

चार दिवस गेले नाही, तं मगनभाऊ पऱ्हाटीच्या ढिगापाशी उभा. हात पसरले, अन् दोनच शब्द बोलला. प्रेरणाचं सुरू झालं, "तो म्हणते, हा ढीग इथं राह्यला तं साप निघन, साप निघाला तं पोट्टे येणार नाहीत, पोट्टे आले नाहीत तं विकास होणार नाही, विकास झाला नाही तं त्याले कॉलेजात नापास करतीन, अन् तो म्हणते, माझं नापास होणं काकाच्या हातात आहे."

वामनराव म्हणे, "अवं, तो तं दोनच शब्द बोलला!"

"इंग्रजी दाट असते बाबा. मराठीत पातळ होते."

पटलं! माणसाले हे पटलं! परक्या मायबापाचं लेकरू आपल्यापायी नापास व्हाव? पऱ्हाटी उचलली, घरामागं रचली. बेबीताईच्या न्हाणीघराची वाट बंद झाली, तिनं दोन दिवस बोलणं टाकलं... पण पाहुण्याले नाही म्हणता येते का?

राह्यली बंडी. तिथं मात्र वामनराव अडले. सकाळीच जाऊन बंडीच्या धुऱ्यावर बसले, तोंड फिरवून. मगनभाऊ आला, बाजूले बसला. मागोमाग प्रेरणाही येऊन उभी राह्यली. मंग वामनरावच बोलले, कोणाले म्हणून नाही, असंच... "माझा बाप हिच्यात कापूस भरून ढाणकीले न्यायचा. मी कापसावर झोपून जाओ. जाग आली का वर आभाय अन् बैलाच्या घुंगराचा आवाज." प्रेरणानं ते हळूहळू इंग्रजीत सांगतलं. मगनभाऊनं काहीतरी विचारलं. पोरीनं मोडक्या चाकावरून हात फिरवला. मंग म्हणे, "तो म्हणते... राहू द्या बंडी."

आता राहू द्या म्हणलं, तं ठेवाव ना माणसानं? पण नाही! वामनराव उठले. "राहू द्या कायले? पोरींले पळता पळता चाक लागन!" ढाणकीचा शकील मिस्त्री आला ट्रॅक्टर घेऊन, त्यानं अल्लाचं नाव घेऊन साखळी बांधली, अन् बंडी ओढत आणून वामनरावाच्या अंगणात लावली.

अन् काय सांगू, मैदान असं मोकळं झालं, का गावाले आपलंच मैदान ओळखू येईना! पोट्ट्यायनं चुना टाकून गोल आखला. पोरी पळाले लागल्या, पाहता पाहता बाजूच्या गावच्याही आल्या. अन् वामनराव? रोज पहाटं, दातवण तोंडात धरून, शाळेच्या भिंतीआडून... "अवं प्रेरणा, हात हालव! खांदे सैल सोड! शेवटच्या फेरीले जोर लाव!" सारा गाव जागा!

तं असं सगळं गोड झालं, अन् मगनभाऊचा जायचा दिवस आला. ढाणकीच्या स्टँडवर सगळे उभे. बेबीताईनं चिवड्याचा डबा दिला. मगनभाऊ पुढं आला, घसा खाकरला. बेबीताईपाशी बसून त्यानं चोरून मराठी शिकली होती, हे कोणाले माहीत?

म्हणे, "काका. मी माती शिकून राह्यलो. तुमचा उकिरडा लय ब्यूटिफुल होता. मले पोरायले खत शिकवाचं होतं. काका... तुम्ही काहून काढला?"

वामनरावानं मान वळवली. प्रेरणा आपल्या बुटाची लेस पाहून राह्यली.

"म्हणजे तो 'काढा' म्हणलाच नव्हता?"

"नाही."

"अन् पऱ्हाटी?"

"तो म्हणला, केवढी मोठी."

"अवं पोट्टे!"

"मी म्हणलं तं तुम्ही 'पाहू' म्हणलं बाबा. 'तो म्हणते' असं म्हणलं, तं लगेच टोपलं उचललं. मंग मी काय कराव?"

वामनराव उगाच टोपी काढून झटकून राह्यले. मंग हळूच म्हणे, "अन् बंडी राहू द्या, हे तरी?"

"तो तं बैलायचे नाव विचारून राह्यला होता," प्रेरणा म्हणे. "राहू द्या, हे मी म्हणलं."

अहो, वामनरावानं टोपी डोक्यावर चढवली, अन् पार डोळ्यापर्यंत ओढली! पण भरल्या स्टँडवर पोरीसमोर बापानं रडाव का? वामनराव जे गरजले! "सांग! सांग त्याले! म्हणाव, तुझं नाव घेऊन या पोट्टीनं आपल्या बापाले गाढवासारखं राबवलं! सारं गाव हासन म्हणाव मले! एक एक शब्द सांग, अन् पातळ करू नको!"

प्रेरणा मगनभाऊकडं वळली अन् इंग्रजीत एकच वाक्य बोलली. लहानसं.

अन् तो सहा फुटाचा गडी, डोळ्यात पाणी आणून, धावत आला अन् वामनरावाच्या गळ्यात पडला! भर स्टँडवर! कंडक्टर घंटी मारून राह्यला, बेबीताई पदरानं डोळे पुसून राह्यली, अन् वामनराव बिचारे त्याची पाठ थोपटून राह्यले. दुसरं करता काय? भांडाव म्हटलं, तं ते भांडणही तिच्याच तोंडून जाणार होतं!