एकदम भडकलं की

सोलापूरच्या त्या दवाखान्यात स्वतःच्या एक्सरेच्या रिपोर्टची वाट बघत मुलाशेजारी बसलेल्या शकुंतलाबाईंच्या कानावर बाजूच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

"चंद्रिका, तू बी कालेजात एक्सरेच बघतीस न्हवं?"

"माझे आभाळातले, अप्पा. कृष्णविवराचे."

"ते दिसतच न्हाय म्हणलीस की."

"ते नाही दिसत. त्यात पडणारं तापतं, त्यातून एक्सरे निघतात."

"मग तू काय बघतीस?"

"कमीजास्त कधी होतात ते. शांत असलेलं एकदम भडकलं, की समजायचं, आत बरंच काही पडतंय."

"थांबवता येतंय व्हय?"

"नाही. नुसतं बघायचं."

नर्स दारात आली. "तिप्पण्णांचा रिपोर्ट. पेशंटला इथंच बसू दे, नातेवाइकांनी आत या."

चंद्रिका आत गेली आणि परतली ती हसतच.

"काही नाही अप्पा, थोडा कफ आहे. आता आधी जेवू, मग घरी अव्वाला चादर घेऊ, जाताना अक्कलकोटला मठात जाऊ, तुम्ही म्हणत होता ना, आणि..."

"चंद्रिका."

"काय?"

"इतका वेळ मी इचारल्याबिगर बोलत न्हवतीस. आता एकदम लई बोलाया लागलीस."

पुढची हाक शकुंतलाबाईंच्या नातेवाइकाला होती. मुलगा उठला. त्याला हाताला धरून त्यांनी खाली बसवलं.

"तू बस. मी जाते."