दही मोडलं तर जीप

अमरेश: नाही चाचा, हा डावीकडचा बॉक्स. लाल स्प्रिंगवाला. पुण्यातली पोरं हाच टाकतात. गाडी नुसती जमिनीला चिकटून बसते. चाक आणि पत्र्यात दोन बोटं जात नाहीत.

नबीलाल: पुण्यातल्या पोरांच्या बायका पोटुशी नसतील.

अमरेश: तुम्हीपण सुरू झालात?

नबीलाल: मी गरीब मेस्त्री. तुझी अव्वा मागं स्टुलावर बसलीय, तिचा चेहरा बघून बोललो.

भुवनेश्वरी: बोला की नबीलालभाई. माझं ऐकायचं ह्यानं कवाच सोडलंय. तुमचं तरी ऐकंल.

अमरेश: अव्वा, तू घरी थांबणार होतीस.

भुवनेश्वरी: चार म्हैन्यामागं घरीच थांबले होते की. तवा कुण्या शहाण्याकडनं स्प्रिंगा कापून आणल्यास, गाडी खाली दिसावी म्हणून. गल्लीभर मिरवलास. अन् झालं काय?

अमरेश: त्याचा गाडीशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

भुवनेश्वरी: डॉक्टरबाई म्हणाल्या. दक्षायणी काय म्हणाली? काय बी न्हाय. तिसरा महिना, माहेराहून येताना गाडी ब्रेकरवर धाडकन टेकली, अन् रात्री पोरीच्या पोटात कळा. शिवानं राखलं, बाळ सुखरूप हाय. पण त्या दिवसापासनं माझी सून ह्या गाडीत पाय ठेवत न्हाय. दवाखान्याला रिक्षानं जाती.

नबीलाल: या अल्ला. हे मला म्हाईत नव्हतं.

भुवनेश्वरी: आता सातवा सरत आला. बाळंतपणाला माहेरी जायाचं, मंद्रूपच्या पुढं, रानातल्या वस्तीवर. व्याही म्हणत्यात, आमची जीप पाठवतो.

अमरेश: जीप नको. मीच सोडणार तिला. दारात गाडी उभी, नवरा धडधाकट, आणि बायको दुसऱ्याच्या जीपमधून जाणार? चाचा, ती मला कधी बोलली नाही हो. एकदा कडाकडा भांडली असती तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी आलो की चहा देते, ऑफिसचं विचारते, शेजाऱ्यांचं सांगते. फक्त गाडीचं नाव काढत नाही.

नबीलाल: आणि तू तिच्यासाठी लाल स्प्रिंग घ्यायला आलास.

अमरेश: रिव्ह्यू चांगले आहेत त्याचे.

नबीलाल: रिव्ह्यू लिहिणारा मंद्रूपच्या वस्तीवर गेला होता का?

भुवनेश्वरी: पण कंपनीत होतं तेच परत बसवा की. ही नवी भानगड कशाला?

नबीलाल: कंपनीनं ह्या गाडीचा माल बनवायचा बंद केला, अम्मा. डुप्लिकेट मिळतो, पण पाऊसकाळ निघत नाय, त्याआधीच तेल गळायला लागतं. म्हणून हे कॉइलओव्हर. हे बघा, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर. खाली आटे हायेत. ही रिंग फिरवली की गाडी उंच, उलटी फिरवली की बुटकी. आणि वरचा हा खटका. इकडं कडक, तिकडं नरम. जसा माणूस, तशी गाडी.

भुवनेश्वरी: आणि तो उजवीकडचा काळा?

नबीलाल: तोच म्हणतोय मी. दिसायला भुंडा हाय, पण स्प्रिंग मुळातच नरम. गाडी चांगली उंच ठेवतो, खालून दगड लागायचा न्हाय.

अमरेश: उंटासारखी दिसेल गाडी.

भुवनेश्वरी: उंट पोचवतोय तरी.

नबीलाल: बोल, कोण कुठं बसणार? बसणाऱ्यावर सेटिंग करावं लागतं. फोटो काढणाऱ्यावर न्हाय.

अमरेश: मी एकटा पुढे. अव्वा आणि दक्षायणी मागे. ... काळाच टाका, चाचा.

नबीलाल: मनापासून?

अमरेश: टाका म्हटलं ना. पण एवढं करूनही ती नाही बसली तर?

भुवनेश्वरी: ते मी बघते. पण आधी परीक्षा. गाडगंभर दही लावते. वस्तीपर्यंत मांडीवर घेऊन जाते अन् परत आणते. दही मोडलं, तर मुकाट्यानं व्याह्यांची जीप.

अमरेश: अव्वा, हे काय आता?

भुवनेश्वरी: माझी सासू असंच करायची. पोटुशी बाई गाडीत बसवायच्या आधी बैलगाडीतनं दही फिरवून आणायची. एकदा मोडलं, तर गाडीवानच बदलला.

नबीलाल: ऐकलंस? म्हणजे गाडी पास झाली तरी तू नापास होऊ शकतोस.

(चार दिवसांनी, सकाळी. वस्तीवरून परत येणारी गाडी. अमरेश चालवतोय, शेजारी नबीलाल, मागे मांडीवर गाडगं घेऊन भुवनेश्वरी.)

अमरेश: आत्ता खड्डा होता ना?

नबीलाल: होता. गेला.

अमरेश: आवाजच नाही आला.

नबीलाल: येत नसतो. समोर बघ.

अमरेश: चाचा, पुढे तो ब्रेकर आहे. तोच. थांबवू का गाडी?

नबीलाल: थांबू नको. दुसऱ्या गिअरमधी घे. आता ब्रेक सोड. ब्रेक दाबून चढलास की गाडीचं नाक खाली बसतं. सोड, सोड. अस्सं.

अमरेश: गेली?

नबीलाल: मागचं चाक पण गेलं.

अमरेश: अव्वा, बघितलंस? हाच ब्रेकर होता. अव्वा? चाचा, ती बोलत का नाही? दही मोडलं की काय?

नबीलाल: हळू बोल. झोपल्यात.

अमरेश: अव्वा झोपली? शक्यच नाही. एसटीनं पुण्याला गेली तरी डोळा मिटत नाही ती. म्हणते, मी झोपले तर ड्रायव्हर झोपंल.

नबीलाल: मग मागं कोण घोरतंय? मी तर पुढं बसलोय.

अमरेश: ... जरा कडेला घेतो.

नबीलाल: का? कुठं कुरकुरलं काय?

अमरेश: नाही. रस्ता नीट दिसेना.

नबीलाल: घे. ग्रीसचं फडकं हाय, पण ही बाजू कोरी हाय. पूस डोळं.

अमरेश: किती महिने झाले चाचा, ब्रेकर दिसला की गाडी पार थांबवायचो. एकटा असलो तरी.

नबीलाल: मला म्हाईत हाय. चार दिवस मला तरी कुठं झोप लागली? नट आवळून घरी गेलो, परत येऊन तपासला. बायको म्हणली, लेकीच्या लग्नात एवढा घाबरला नव्हता. आता सुटलो बाबा.

भुवनेश्वरी: का थांबलास रं? पंक्चर?

अमरेश: नाही. तू झोपली होतीस.

भुवनेश्वरी: कोण, मी? डोळं मिटून दह्यावर ध्यान ठेवलं होतं.

नबीलाल: ध्यानाचा आवाज लई मोठा होता अम्मा.

भुवनेश्वरी: तुमी समोर बघा, नबीलालभाई. थांब, गाडग्यावरचं फडकं सोडते. ... शिवा, शिवा.

अमरेश: काय झालं?

भुवनेश्वरी: कडंला पाणीसुदिक सुटलं न्हाय. जसं लावलं तसं हाय. वाकून बघ की.

अमरेश: मग व्याह्यांना कळवू? जीप नको म्हणून?

भुवनेश्वरी: मी कोण ठरवणार? आधी सुनेला फोन लाव. आण इकडं. ... दक्षा? हां, वस्तीवर जाऊन आलो. तुझी आई वाट बघत होती, दशम्या बांधून दिल्यात. ... न्हाय गं, मोडलं न्हाय. ... मी? मी जागीच होते. ... त्यो? रडून झालंय त्याचं, आता बरा हाय. ... आं? काय म्हणलीस? ... बरं. बरं बाई. सांगते.

अमरेश: काय म्हणाली? येते का?

नबीलाल: मागची बाजू तिच्यासाठी लोण्यावानी केलीय, हे सांगितलं का तुमी?

भुवनेश्वरी: सांगायला सवड कुटं दिली तिनं? मागं नकोच म्हणती. तिला पुढं बसायचंय, तुझ्याशेजारी.